तंगेडूची जुडी

"तंगेडू कसा दिला?" मी विचारलं, आणि टोपलीमागची बाई माझ्याकडं नुसती बघत राहिली. उद्या घट बसायचे होते. चितळे रोडवर काळी माती, परड्या, मातीचे घट, नारळ, सगळं रस्त्यावर आलं होतं आणि त्यातून वाट काढत निम्मं नगर चाललं होतं. बाईसमोर एक वेताची टोपली, वर ओलं फडकं, फडक्याखाली पिवळीधमक फुलं. "कंचं वो?" ती म्हणाली. मी बोट दाखवलं. "ह्ये व्हय? ह्यो तरवड हाय. तरवड म्हना की." शेजारी माती विकणारी तिला म्हणाली, "कडूबाई, सुट्टे हायेत का गं?" आणि ही पटकन वळून "न्हाई बया" म्हणाली. आधीची मुलं जगत नसली की पुढच्या मुलीचं नाव कडू ठेवतात, मृत्यूनं तोंड वाकडं करून पुढं जावं म्हणून. म्हणजे हिच्या नावामागं कुणीतरी केव्हातरी धास्तावलेलं होतं, आणि त्या नावाला ती किती सहज ओ देत होती. मी फडकं जरा बाजूला केलं. सगळ्या फुलांच्या मुंड्या खुडलेल्या. "दांडीसकट नाहीत का?" "दांडी?" कडूबाई हसली. "माळंला काय दांडी लागती? आन् तुमी मगाशी काय म्हनलात त्येला?" "काही नाही," मी म्हणाले आणि फुलं न घेताच निघाले. पंचवीसेक पावलं गेल्यावर मला रडू यायला लागलं. भर बाजारात, हातात रिकामी पिशवी घेऊन. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी. माझी एखादी विद्यार्थिनी भेटली असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

अन्ना आषाढात गेला. अन्ना म्हणजे माझा थोरला भाऊ, अंबादास. त्या वेळी मी रीतसर रडले होते. दहावा झाला, तेरावा झाला, लोक येऊन गेले, आणि मला वाटलं झालं, जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलं. पण माणूस एकदम जात नाही, एकेका सणानं जातो. दर वर्षी ह्याच अमावस्येला, सर्वपित्रीला, अन्ना पहाटे सायकल घेऊन डोंगराकडं जायचा आणि माझ्या माहेरच्या, तोफखाना भागातल्या गल्लीसाठी तंगेडूचे भारे घेऊन यायचा. आम्ही पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून मागाबरोबर नगरला आले, माग गेले, आम्ही राहिलो. ह्या अमावस्येपासून आमच्या बायका बतकम्मा रचतात: ताटात फुलांचे थरावर थर, देवळाच्या शिखरासारखे, आणि सगळ्यात खाली, सगळ्यांच्या आधी, तंगेडू. फुलं आणायची पुरुषांनी, रचायची बायकांनी. तर तो भारा सायकलला बांधून अन्ना गल्लीत जायच्या आधी वाकडी वाट करून सावेडीत यायचा, आमच्या बिल्डिंगच्या खाली उभा राहायचा आणि वर तोंड करून हाक मारायचा, "राजमणीऽऽ!" मी घरातच असायचे. दाराशीच असायचे, खरं तर. पण पहिल्या हाकेला गॅलरीत जायचं नाही हे माझं ठरलेलं. दुसरी हाक यायची, जराशी चिडकी. मग तिसरी. मग मी जायचे, "अय्या, कधी आलास?" असं म्हणत, आणि तो खालून म्हणायचा, "बहिरी झालीस का नवऱ्याबरोबर?" त्याला माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. मी खाली उतरायचे, तो भाऱ्यातून एक वेगळी बांधलेली जुडी काढून माझ्या हातात द्यायचा, हातभर दांड्यांची, दोऱ्यानं आवळलेली, आणि सायकलवर टांग मारायचा. वर कधीच आला नाही. वडिलांना त्यानं शब्द दिला होता की तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. वडील जाऊन जमाना झाला, पण शब्द होताच. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही असं ठरलं होतं, खाली उभं राहून ओरडायचं नाही असं कुठं ठरलं होतं?

त्या एका सकाळपुरती मी राजमणी असायचे. बाकी वर्षभर राजनंदिनी. हे नाव सासूबाईंनी ठेवलं, लग्नात, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं लिहून. नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात लग्न झालं, माझ्याकडचं कुणीही नाही. सासूबाई, रतनबाई, माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या होत्या, "राजमणी म्हंजी ते तिकडलं वाटतंय गं. आपल्यात आता कसं, हिकडलं नाव पायजे." वाईट बाई नव्हती. मला कधी टाकून बोलली नाही, माझ्या बोलण्यातले हेल निघून जाईपर्यंत शेजारणींना सांगत राहिली की पोरीचा घसा नाजूक आहे. नाव काय ठेवायचं असं विचारल्यावर माझ्या नवऱ्यानं, काकासाहेबांनी, राजनंदिनी सुचवलं, आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धं तरी तुझं राहू दे." मला ते किती गोड वाटलं होतं! अर्धं माझं राहिलं. त्या वयात अर्ध्यावर माणूस खूश होतं. पुढं ते अर्धंही कुणी वापरलं नाही. घरात मी "अगं", शाळेत "बाई", मुलाची "आई", शेजारात "नंदिनीताई". आणि ज्या घरातून गेले तिथं वडिलांनी सांगून टाकलं होतं की ते नाव ह्या घरात पुन्हा काढायचं नाही. म्हणजे दोन्ही घरांनी मिळून, एकमेकांना कधीही न भेटता, एकच काम पार पाडलं.

रिकामी पिशवी घेऊन घरी आले. काकासाहेब पेपर वाचत होते. "अगं, माळेची फुलं?" "मिळाली नाहीत," मी म्हणाले. पहिल्या दिवशी घटावर तरवडाची माळ चढवायची ही त्यांच्या घरची रीत, आणि ती माळ मी करायची ही रतनबाईंनी घालून दिलेली. नव्या सुनेला त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हे: फूल देठाच्या मुळाशी खुडायचं, सुई मानेतून घालायची, दोऱ्याला गाठ मारायची नाही. मी मान डोलावून शिकले. हे फूल माझ्या ओळखीचं आहे, आमच्याकडं ते दांडीवर उभं करतात, हे मी सांगितलं नाही. नव्या घरी आपली ओळख माणूस एकदम सगळी सांगत नाही. काकासाहेबांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी म्हणाले, "मला एकदा राजमणी म्हणा." त्यांनी कानातलं यंत्र बोटानं दाबलं. "काय म्हणू?" "राजमणी." "राजमणी," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, शुद्ध, शाळेत हजेरी घेतात तसं. मी 'हजर' म्हणायचीच बाकी होते. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा म्हणाले, "राजमणी. बरं वाटत नाही का? चहा टाकू?" हा माणूस भला आहे. सगळी पंचाईत त्यामुळंच आहे. वाईट असता तर दोष देता आला असता. चहा त्यांनी टाकला, मी प्यायले, आणि कप विसळता विसळता मला लख्ख कळलं की नाव मला हवं नव्हतंच, हाक हवी होती. नाव कुणीही उच्चारू शकतं. हाक मारायला त्या नावामागं एक परकर नेसलेली मुलगी दिसावी लागते, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली. अन्नाला ती दिसायची. आता जगात ती कुणालाच दिसत नव्हती. माझ्याशिवाय. आणि स्वतःला हाक मारता येत नाही.

"जाऊन येते," मी म्हणाले. "कुठं?" "फुलं आणायला." ते खोटं नव्हतं. मला दांडीसकट जुडी हवी होती. ती घेऊन नक्की काय करणार, हे ठरवलं नव्हतं. अन्नाच्या दाराशी नेऊन ठेवीन, एवढंच अंधुक काहीतरी मनात होतं. यंदा त्या घरात बतकम्मा नाही. गेलेल्या माणसाचं वर्ष सरेपर्यंत सण नाही, हे काय मला कुणी सांगायला हवं? तरीही मी निघाले. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. पाथर्डी रोडला, चांदबिबी महालाच्या डोंगरावर जायचं म्हणाल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. लालमहंमद त्याचं नाव, पांढरी दाढी, रिक्षाच्या काचेवर ते नाव मोठ्या अक्षरांत. "महाल बघायला एकल्या?" तो म्हणाला. "फुलं तोडायला. तरवड." "अच्छा, तरवड. आमची अम्मी पन न्यायची. सुकवून ठेवायची, चहावानी उकळून प्यायची. शुगरला लई चांगला म्हनायची." मग म्हणाला, "महाल चांदबिबीचा न्हाईच तो, मॅडम. सलाबतखानाची कबर हाय ती. पन कबर म्हनलं तर सवारी येत न्हाई." आणि स्वतःच मोठ्यानं हसला. बाहेर दुकानांच्या पाट्यांवर कुठं नगर, कुठं अहमदनगर, कुठं नवीकोरी अहिल्यानगर; एसटी स्टँडवर कंडक्टर अजून नुसतं "नगर, नगर" करत असणार, आणि माझे वडील मरेपर्यंत अंमदनगरच म्हणाले. मला वाटलं, गावाचं बरं असतं. त्याला काहीही म्हणा, रस्ते तेच, नळाला पाणी त्याच वेळी येतं. गावाला एकटं वाटत नसावं.

ह्या डोंगरावर मी पहिल्यांदा कॉलेजबरोबर आले होते, वनस्पतिशास्त्राच्या सहलीला. आमच्या सरांनी एक फांदी वाकवून विचारलं होतं, हे काय? सगळा वर्ग ओरडला, तरवड. मी म्हणाले, तंगेडू. वर्ग हसला. मागं उभा असलेला एक उंच खेडवळ मुलगा तेवढा हसला नाही, आणि पुढं तेच सगळ्या प्रकरणाचं मूळ ठरलं. सर मात्र खूश झाले. त्यांना अशा गोष्टींचं वेड होतं. म्हणाले, अजून सांगा कुणी. एका गुजराती व्यापाऱ्याची मुलगी म्हणाली, आमच्याकडं आवळ. सर म्हणाले, तमिळमध्ये आवारम, कानडीत तंगडी, म्हणजे ही पोरगी हसण्यासारखं काही बोललेली नाही. सिंहली लोक रणवरा म्हणतात. इंग्रज चामडं कमावायला साल नेत, म्हणून त्यांनी त्याला चांभाराचं झाड करून टाकलं. इंग्रजाला फुलाआधी साल दिसली. संस्कृतात तरवट आहे आणि आवर्तकी आहे. आवर्त म्हणजे भोवरा, फेरा. आवर्तकी का म्हणत असतील ते मला माहीत नाही, सरांनाही नव्हतं, पण मला त्या क्षणी माझी आई, अम्मा, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका बतकम्माभोवती टाळ्या वाजवत फिरताना दिसल्या आणि वाटलं, कुणीतरी पाहिलं असेल, फार पूर्वी, आणि नाव ठेवलं असेल. मग सरांनी पानाच्या बुडाशी असलेली दोन छोटी, गोल, हिरवी पाती दाखवली, कानाच्या पाळ्यांसारखी. शास्त्रीय नावातला ऑरिक्युलाटा ह्या कानांवरून. म्हणजे इतक्या लोकांनी इतक्या हाका मारल्या आणि फक्त एकाच्या लक्षात आलं की ह्याला कान आहेत. ते नावही पुढं अर्धं बदललं. कॅशिया होतं, शास्त्रज्ञांनी सेन्ना केलं. ऑरिक्युलाटा तेवढं राहू दिलं. मी मुलांना शिकवताना दोन्ही नावं सांगायचे आणि दर वेळी मनात म्हणायचे, अर्धं तरी तुझं राहू दे.

लालमहंमदला खाली थांबायला सांगून मी चढणीच्या बाजूच्या झुडपांत शिरले. ऊन तापायला लागलं होतं. पाऊस सरता सरता हा डोंगर जेमतेम हिरवा असतो, आणि त्या हिरव्यात जिकडं तिकडं तंगेडू. पिवळा रंग असा की नजर ठरत नाही. मधमाश्या होत्या, वारा होता, वर कबरीकडं कुणीतरी पोरं फोटो काढत होती त्यांचा आवाज येत होता. मी खुडायला लागले. अम्मा एक गोष्ट सांगायची, बतकम्माच्या दिवसांत, विड्या वळता वळता. एक बहीण होती, तिचा भावावर फार जीव. भाऊ लांब गावी गेला आणि भावजयीनं तिला विष घालून मारलं, गावाबाहेर पुरलं. तिथं तंगेडूचं झाड उगवलं. भाऊ परत येताना वाटेत ते फुललेलं पाहतो आणि म्हणतो, बहिणीला फुलं नेऊ. हात लावतो तर झाड बोलतं: अन्ना, तोडू नको, मीच आहे ती. तो विचारतो, मग तुला काय आणू? ती म्हणते, काही आणू नको, दर वर्षी ह्या दिवसांत माझी आठवण काढ. लहानपणी ह्या गोष्टीला मी घाबरायचे. वडिलांनी आणलेल्या भाऱ्याला कान लावून बघायचे, आतून कुणी बोलतंय का. अन्ना मागून येऊन बारीक आवाजात "अन्ना, तोडू नकोऽ" म्हणायचा आणि मी किंचाळायचे. आता त्या डोंगरावर मला वाटलं, गोष्ट उलटी झाली. बहीण उभी आहे आणि भाऊ मातीत. मी एका फांदीशी थांबले, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही, मी कान लावला. माशी गुणगुणली. बाकी काही नाही. झाडाला कान असतात, तोंड नसतं, हे मी मुलांना शिकवायचे ते खरंच होतं. त्या झुडपात मला जितकं एकटं वाटलं तितकं अन्नाच्या तेराव्याला, भरल्या मांडवातही वाटलं नव्हतं.

पिशवी भरली तसं मी एका दगडावर बसले, जुडी बांधायला. दोरा घरून आणला होता. पिशवीत हात घातला, मूठ भरून बाहेर काढली, आणि मुठीत नुसती फुलं. मुंड्या. दुसरी मूठ काढली, तसंच. सगळी पिशवी देठाच्या मुळाशी खुडलेल्या फुलांची, एकीलाही दांडी नाही. मी बघतच राहिले. दांडीसाठी मी बाजारातून परत फिरले होते. दांडीसाठी रिक्षा करून डोंगर चढले होते. आणि अम्माची गोष्ट आठवत, डोळे पुसत, माझ्या बोटांनी इमानेइतबारे रतनबाईंच्या सुनेचं काम केलं होतं. दर वर्षी माळेसाठी फुलं खुडणारी बोटं ती. त्यांना मनातलं काय कळणार? ह्यातलं एकही फूल ताटात उभं राहिलं नसतं. थर रचायला दांडी लागते, दांड्या आत, फुलं बाहेर. मुंड्या नुसत्या घरंगळतात. पुन्हा तोडायचा विचार आला. पण पिशवी भरून तोडलेली होती, जेवढी हाताला येत होती तेवढी सगळी झुडपं मी बोडकी केली होती, आणि आणखी वर चढणं जमणार नव्हतं. मला राग आला, स्वतःचा, मग हसू आलं, आणि मग दोन्ही गेलं. मला वाटलं, अन्नाला तरी कशाला फसवायचं? राजमणी म्हणून कुणी उरलेलंच नाही. जी मुलगी त्याला दिसायची ती त्याच्या डोळ्यांत होती, माझ्या अंगात नव्हती. तिला तो बरोबर घेऊन गेला.

खाली आल्यावर लालमहंमदनं विचारलं, "सावेडी?" मी म्हणाले, "तोफखाना." का म्हणाले कोण जाणे. घरी काकासाहेब माळेची वाट बघत होते, फुलं माळेचीच होती, सरळ घरी जायला हवं होतं. त्याला थांबायला सांगून गल्लीच्या तोंडाशी उतरले. दोन-तीन दारांत बायका ताटं घेऊन बसल्या होत्या, भिजवलेली फुलं, कुरडूचे पांढरे तुरे, झेंडू. भारे यंदा टेम्पोनं आले होते म्हणे. माझ्याकडं पाहून त्या ओळखीचं हसल्या आणि परत कामाला लागल्या. वदिना, म्हणजे अन्नाची बायको नागमणी, वरच्या मजल्यावर एकटीच होती. मुलगा कामावर. गॅलरीचं दार उघडं, खालचं सगळं ऐकू येणारं, आणि ती त्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसलेली. आम्ही दोघी एका गावात इतकी वर्षं राहिलो, पण दोघींमध्ये कायम एक पाट मोकळा असल्यासारखं. ती मला ताई म्हणायची, मी तिला वदिना. ती सून म्हणून आली तेव्हा मी घरातून गेलेली होते आणि माझं नाव निघत नव्हतं. तिनं बिचारीनं काय म्हणायचं? "बसा ताई," ती म्हणाली आणि पिशवीकडं तिची नजर गेली. तिनं पिशवी ओढून घेतली, आत हात घातला, मूठ बाहेर काढली. बराच वेळ त्या मुठीकडं पाहिलं. "डोंगरावर गेल्ता?" "हो." "एकट्या?" "हो." "दांड्या कुठायत?" आणि वदिना हसायला लागली. मनापासून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. अन्ना गेल्यावर तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होते.

"तेपण असेच," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. भारा कसला, पोतंभर मुंड्या घेऊन आले. अत्तम्मानी, तुमच्या अम्मानी, अशा शिव्या घातल्या, गल्ली गोळा झाली. मग मी शिकवलं, हातभर दांडी ठेवायची, विळा तिरका धरायचा. दर वर्षी पहाटं आठवण करावी लागायची, तुमच्या भावाला." मग तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "आन् तुमची जुडी मी बांधायची. डोंगरावरून आले की पयले घरी यायचे मागच्या बोळातून, कुणाला दिसू न देता, म्हणायचे राजमणीची जुडी काढ. चांगली फुललेली बघून मी बांधायची. सासरे होते तेव्हापासून. मग ते सावेडीला." मी तिच्याकडं पाहत होते. त्या दोऱ्याची गाठ मला आठवली, बारीक, दुहेरी, पुरुषाच्या हाताला न जमणारी. दर वर्षी मी ती दातानं तोडली होती आणि एकदाही मनात आलं नव्हतं की ही कुणी मारली असेल. इतकी वर्षं ते नाव ह्या घरात निघत नव्हतं असं मी धरून चालले होते, आणि ते दर वर्षी निघत होतं, पहाटे, हळू आवाजात, दोघांमध्ये. मला काहीतरी बोलायचं होतं, पण घसा साथ देईना. रतनबाई खरंच म्हणायच्या, पोरीचा घसा नाजूक.

"आता ह्याचं काय करायचं?" वदिना मुंड्यांकडं बघत म्हणाली. "आपल्यात तर यंदा काही नाही." मी म्हणाले, "सुई-दोरा आण." आम्ही जमिनीवर बसलो, मध्ये फुलांचा ढीग, आणि मी तिला शिकवलं: मानेतून सुई, गाठ नाही, फूल फुलाला टेकू द्यायचं, दाबायचं नाही. तिला पटकन जमलं. खाली टाळ्या सुरू झाल्या, गाणं सुरू झालं, फेर धरला गेला असणार. आम्ही दोघी गॅलरीकडं पाठ करून ओवत होतो. मध्येच ती पुटपुटत त्या गाण्यात सामील होत होती आणि थांबत होती. एक माळ झाली ती तिनं अन्नाच्या फोटोला घातली. फोटोतला अन्ना नेहमीसारखा, छायाचित्रकारावर चिडलेला. तरवडाची माळ, तंगेडूच्या माणसाला. त्याला ती माळ कशी दिसली असेल? म्हणाला असता, बहिरी झालीस ती झालीस, आता माळकरीणही झालीस. उरलेली फुलं वदिनानं पिशवीत भरली. "ही तुमच्या घटाला न्या. भावजी वाट बघत असतील." मी डोळे धुतले, चपला घातल्या आणि उतरले.

गल्ली ओलांडून मी बायकांच्या फेराला वळसा घालून चालले होते. काकासाहेबांना काय सांगायचं ते जुळवत होते. लालमहंमद कोपऱ्यावर रिक्षात बसून पान खात होता. तेवढ्यात मागून, वरून, कुणीतरी "ताई, ओ ताई!" म्हणून ओरडलं. त्या गल्लीत ताया काय थोड्या होत्या? कुणीच वळलं नाही, मीही नाही. मग माझ्या ध्यानात आलं की हात रिकामे आहेत, पिशवी वरच राहिली आहे. आणि त्याच वेळी गाण्याच्या वरून, टाळ्यांच्या वरून, बाईच्या चिरक्या आवाजात पण चाल अगदी तीच, शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं:

"राजमणीऽऽ!"

फेरातल्या बायका थांबून वर बघायला लागल्या. वदिना गॅलरीत उभी असेल, हातात पिशवी उंच धरून, मला दिसत होतं, न बघता. मला वळायचं होतं. पण मी तिथंच उभी राहिले, तिच्याकडं पाठ करून, दोन्ही हात पदरात घट्ट धरून, आणि वळले नाही. पहिल्या हाकेला मी कधीच वळलेले नाही. ती पुन्हा मारेल.